पाण्यातला विषारी धातू नळीत ओळखायचा कसा: पेशीविरहित बायोसेन्सरची सविस्तर कृती

निळ्या प्रकाशाखाली दोन छोट्या नळ्या धरल्या होत्या. दोन्ही काळ्याठिक्कर. एकीत धातूचा अंशही नसलेलं पाणी होतं, दुसरीत मुद्दाम भरपूर पारा मिसळलेलं. दुसरी हिरवी चमकायला हवी होती, पण ती पहिलीइतकीच गप्प. तेच पाऱ्याचं पाणी शंभर पट पातळ करून तिसऱ्या नळीत घातलं आणि पाऊण तासात ती लख्ख हिरवी झाली. मूळ पाण्यात पारा इतका होता की चमक तयार करणारी यंत्रणाच त्यानं आधी बंद पाडली होती.

तेव्हापासून नवीन विद्यार्थ्यांना हे तंत्र शिकवताना मी इथूनच सुरुवात करते. बायोसेन्सर, म्हणजे धातू ओळखून चमकणारी ही नळी, उजळला तर सगळेच खूश होतात. तो उजळला नाही तर त्याचा अर्थ काय, हे ठरवण्यातच खरं काम आहे, आणि पुढची प्रत्येक पायरी त्याच हिशेबानं लिहिली आहे. पिपेट, सेंट्रिफ्यूज आणि उणे ८० अंशांचा फ्रीझर हाताशी असलेल्यांना ही कृती जशीच्या तशी करता येईल. ज्यांना तयार संच घेऊन फक्त पाणी तपासायचं आहे, त्यांनी नमुन्याचा आणि पाच नळ्यांचा भाग तेवढा नीट वाचावा.

नळीच्या आत काय घडतं

जिवाणूची पेशी फोडून आवरणाचे तुकडे बाजूला काढले, तरी उरलेल्या रसात आरएनए आणि प्रथिनं बनवणारी यंत्रणा काही तास काम करत राहते. १९६१ साली मार्शल निरेनबर्ग आणि हाइनरिक मथाई यांनी अशाच अर्कात जनुकीय संकेतातला पहिला शब्द उलगडला. २०१४ मध्ये कीथ पार्डी, जेम्स कॉलिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा अर्क कागदाच्या तुकड्यावर गोठवून सुकवला. पाणी टाकलं की तो पुन्हा कामाला लागायचा. २०२० मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या ज्युलियस लक्स यांच्या गटानं 'रोझालिंड' नावाची पद्धत मांडली. तिच्यात प्रथिन बनवण्याचा टप्पाच गाळला आहे आणि नुसता आरएनए चमकतो.

ओळखण्याचं काम करतात जिवाणूंची स्वतःची नियंत्रक प्रथिनं. विषारी धातूंशी जिवाणूंची गाठ फार जुनी, त्यामुळे धातू आत आला की बचावाची जनुकं चालू करणारे पहारेकरी त्यांच्याकडे तयारच असतात. आर्स-आर हे प्रथिन आर्सेनिक ओळखतं, कॅड-सी कॅडमियम आणि शिसं, मेर-आर पारा. आर्स-आर आणि कॅड-सी डीएनएवर ठाण मांडून वाट अडवतात. धातू चिकटला की त्यांचा आकार बदलतो, पकड सुटते आणि पुढचं जनुक वाचलं जातं.

मेर-आरचं वागणं वेगळं आहे. त्याच्या प्रमोटरमधलं (जिथून जनुकाचं वाचन सुरू होतं त्या डीएनएच्या तुकड्यातलं) अंतर नेहमीच्या १७ ऐवजी १९ अक्षरांचं असल्यामुळे पॉलिमरेझला, म्हणजे डीएनए वाचून आरएनए बनवणाऱ्या एन्झाइमला, तिथून सुरुवातच करता येत नाही. पारा मिळाला की मेर-आर डीएनएला पीळ देतो, ते अंतर जुळतं आणि वाचन सुरू होतं. म्हणूनच मेर-आरला जिवाणूचं स्वतःचं पॉलिमरेझ लागतं. विषाणूकडून घेतलेलं टी७ पॉलिमरेझ त्याच्यासोबत चालत नाही. पाऱ्याचा सेन्सर टी७ वर बांधायला गेलेले बरेच जण इथेच अडकतात.

आधी आकडा ठरवा

कुठल्या धातूची, किती पातळी ओळखायची आहे? हे कागदावर लिहिल्याशिवाय काही मागवू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या पिण्याच्या पाण्याच्या मार्गदर्शक मर्यादा अशा आहेत: आर्सेनिक आणि शिसं प्रत्येकी १० मायक्रोग्रॅम प्रति लिटर, कॅडमियम ३, असेंद्रिय पारा ६, तांबं २ मिलिग्रॅम आणि फ्लोराइड १.५ मिलिग्रॅम प्रति लिटर.

प्रथिनाला मायक्रोग्रॅम कळत नाहीत, त्याला रेणूंची संख्या कळते. म्हणून प्रत्येक आकडा मोलरमध्ये, म्हणजे एका लिटरमधल्या रेणूंच्या मापात, बदला. आर्सेनिकचे १० मायक्रोग्रॅम म्हणजे सुमारे १३३ नॅनोमोलर. शिशाचे तेवढेच मायक्रोग्रॅम फक्त ४८ नॅनोमोलर भरतात, कारण शिशाचा अणू जड. कॅडमियम २७, पारा ३० नॅनोमोलर. फ्लोराइड मात्र जवळजवळ ७९ मायक्रोमोलर, म्हणजे शिशाच्या दीड हजार पटींहून जास्त. पहिला सेन्सर म्हणून फ्लोराइडचा करून बघा, असं मी सांगते ते यासाठीच. तिथे प्रथिनाऐवजी आरएनएचा एक तुकडा, रायबोस्विच, फ्लोराइड पकडतो आणि मर्यादेची पातळी सहज आवाक्यात असते.

आणखी एक हिशेब इथेच करून ठेवा. एकूण २० मायक्रोलिटरच्या ओल्या मिश्रणात ५ मायक्रोलिटर नमुन्याचे असले तर धातू चार पट पातळ होतो, म्हणजे शिशाचे ४८ नॅनोमोलर १२ वर येतात. सुकवलेल्या नळीत सगळं पाणी नमुन्याचंच असतं, तिथे ही घट होत नाही.

ओळखणारा घटक निवडताना

प्रथिनं शंभर टक्के एकनिष्ठ नसतात. कॅड-सी उजळला तर शिसं आहे की कॅडमियम, हे त्या एका नळीवरून सांगता येत नाही. झेडएनटी-आर जस्त, शिसं आणि कॅडमियम तिन्हींना कमीअधिक प्रतिसाद देतो. त्यामुळे नळीवर धातूचं नाव न लिहिता प्रथिनाचं नाव लिहायची सवय लावा. अहवालात 'शिसं किंवा कॅडमियम' असं लिहिण्यात कमीपणा नाही. धातूंपलीकडे जायचं असेल तर टेट-आर टेट्रासायक्लिन ओळखतो आणि एमपीएच-आर एरिथ्रोमायसिनच्या कुळातली प्रतिजैविकं. बाकी बांधणी तीच राहते.

अर्क घ्यायचा की शुद्ध घटक

मेर-आर किंवा फ्लोराइडचा रायबोस्विच वापरायचा असेल, किंवा रंग बदलणारं एन्झाइम हवं असेल, तर ई. कोलायचा अर्क बरा. आर्स-आर आणि कॅड-सीसाठी मी टी७ पॉलिमरेझ आणि शुद्ध प्रथिन अशी साधी जुळणी पसंत करते. घटक मोजके असले की बिघाड शोधणं सोपं जातं, आणि पेशीतल्या शेकडो प्रथिनांची धातूसाठी चढाओढही नसते.

अर्क काढायची कृती अशी. ई. कोलाय पोषक माध्यमात ३७ अंशांवर वाढवा आणि वाढ जोमात असतानाच, ओडी (द्रवाच्या गढूळपणावरून मोजलेली पेशींची दाटी) २ ते ३ च्या दरम्यान, थांबवा. उशीर केला तर रायबोसोम कमी होतात आणि अर्क मंद पडतो. पेशी ४ अंशांवर ५,००० जी (गुरुत्वाकर्षणाच्या ५,००० पट) वेगानं खाली बसवा आणि मॅग्नेशियम व पोटॅशियम ॲसिटेट असलेल्या थंड बफरनं तीनदा धुवा. एक ग्रॅम ओल्या पेशींना एक मिलिलिटर बफर या मापानं मिसळून बर्फात ठेवून सोनिकेट करा, म्हणजे ध्वनिलहरींनी फोडा, १० सेकंद चालू आणि १० सेकंद बंद. आधी द्रव गढूळ, फिकट दुधी असतो. पेशी फुटत गेल्या की तो गडद आणि किंचित पारदर्शक होतो. तिथेच हात थांबवा. नळी बोटांना कोमट लागली तर तो अर्क फेकून द्या, पुढचे तीन दिवस वाचतील. मग १२,००० जी वर १० मिनिटं फिरवून वरचा द्रव घ्या, तो ३७ अंशांवर तासभर हलवत ठेवा म्हणजे पेशीचे उरलेसुरले आदेश वाचून संपतात, पुन्हा फिरवा, छोटे वाटे करा आणि द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून उणे ८० अंशांवर ठेवा. एकदा वितळवलेला वाटा पुन्हा गोठवू नये.

प्रत्येक नव्या अर्काचं मॅग्नेशियम नव्यानं जुळवावं लागतं. ६ ते १४ मिलिमोलरपर्यंत दोन-दोनच्या टप्प्यांनी पाच नळ्या लावा आणि साध्या, नेहमी चालू असणाऱ्या जनुकावर कुठली सगळ्यात जास्त चमकते ते बघा. मागच्या खेपेचा आकडा या खेपेला चालेल असं गृहीत धरू नका.

लॅक-झेड एन्झाइमनं पिवळ्याचा जांभळा होणारा रंग वापरणार असाल तर अर्क लॅक-झेड काढून टाकलेल्या जातीपासूनच हवा. नाहीतर शुद्ध पाण्यातही नळी जांभळी होते.

मिश्रणातले धातूचोर

सगळ्यात जास्त सेन्सर इथेच आंधळे होतात. तुमचं प्रथिन धातू पकडण्याआधीच मिश्रणातलं दुसरं काहीतरी तो पकडून बसतं.

पहिला संशयित डीटीटी. प्रथिनं ताजी राहावीत म्हणून तो जवळजवळ प्रत्येक बफरमध्ये असतो. त्याच्या दोन गंधकी टोकांना पारा, आर्सेनिक, कॅडमियम आणि शिसं घट्ट धरता येतात. रोझालिंडसारख्या मिश्रणात १० मिलिमोलर डीटीटी सहज असतो. आपण शोधतोय ४८ नॅनोमोलर शिसं. म्हणजे शिशाच्या एका अणूमागे डीटीटीचे दोन लाख रेणू टपून बसलेले. सेन्सर तरीही चालतो, कारण नियंत्रक प्रथिनाची पकड फार मजबूत असते. मेर-आर तर सिस्टीन या गंधकयुक्त अमिनो आम्लाच्या तीन रेणूंनी पारा आवळून धरतो. पण संवेदनशीलता घटते. डीटीटी पूर्ण काढला तर प्रथिनातले तेच सिस्टीन हवेनं खराब होतात आणि सेन्सर वेगळ्या कारणानं मरतो. म्हणून १०, ५, २, १ आणि ०.५ मिलिमोलर अशी उतरती मालिका लावा. प्रत्येक पायरीवर शुद्ध पाणी आणि मर्यादेइतका धातू अशा दोन नळ्या. दोघींमधला फरक जिथे सर्वांत मोठा, ते तुमचं प्रमाण.

दुसरा संशयित ईडीटीए, धातू धरून ठेवणारं रसायन. तो लपून येतो: डीएनए ज्या बफरमध्ये ठेवलाय त्यातून. डीएनए पाण्यात किंवा ईडीटीए नसलेल्या ट्रिस बफरमध्ये घ्या. तांब्याचा सेन्सर असेल तर ट्रिसही टाळा, ट्रिस तांब्याला धरतो. अर्काच्या मिश्रणात अमिनो आम्लं घालतो, त्यातलं सिस्टीन पाऱ्याला आणि हिस्टिडीन तांबं, निकेल, जस्त यांना ओढतं. फॉस्फेट जास्त झालं की शिसं साका होऊन तळाशी जातं. ऊर्जेसाठी वापरलेल्या पीईपीपासून प्रतिक्रिया चालू असतानाही फॉस्फेट सुटत राहतं, हे शिशाच्या बाबतीत लक्षात ठेवा.

आरएनएझला (आरएनए तोडणाऱ्या एन्झाइमला) रोखणारं प्रथिन बाजारातून घेतलं तर त्याच्या द्रवात ग्लिसरॉल असतं. ग्लिसरॉलनं प्रतिक्रिया मंदावते, आणि सुकवायच्या मिश्रणात तर ते नकोच.

डीएनए आणि रिप्रेसर यांचं गणित

टी७ जुळणीसाठी सुरुवात अशी करा: २० मायक्रोलिटरमध्ये डीएनए २५ नॅनोमोलर, मॅग्नेशियम ८ मिलिमोलर, स्पर्मिडीन २ मिलिमोलर, चारही न्यूक्लिओटाइड, थोडं पायरोफॉस्फटेझ, आणि चमकणाऱ्या ब्रोकोली आरएनएसाठी डीएफएचबीआय-१टी हा रंग १०० मायक्रोमोलर. डीएनएवर टी७ प्रमोटरला खेटून रिप्रेसरची, म्हणजे वाट अडवणाऱ्या आर्स-आर किंवा कॅड-सीची, बसायची जागा आणि तिच्यापुढे ब्रोकोलीचा क्रम.

रिप्रेसर डीएनएच्या १०, २५, ५० आणि १०० पट घालून बघा. कमी पडला तर धातू नसतानाही नळी चमकते. जास्त झाला तर धातूचे पहिले सगळे अणू मोकळ्या रिप्रेसरना चिकटण्यात खर्च होतात आणि मर्यादेच्या पातळीला नळी काळीच राहते. धातू नसलेली नळी अगदी काळी दिसावी म्हणून रिप्रेसर वाढवत नेण्याचा मोह होतो. तो आवरा. शुद्ध पाण्यात किंचित चमक परवडते, शिशाच्या पाण्यात अंधार परवडत नाही.

अर्कात सरळ लांबीचा डीएनए घालणार असाल तर अर्कातलं रेक-बीसीडी हे एन्झाइम त्याला टोकाकडून खातं. गॅम-एस प्रथिन आधी घाला किंवा गोल प्लाझ्मिड वापरा.

सुकवणं

मिश्रणात सुक्रोज किंवा ट्रेहॅलोज घाला, द्रव नायट्रोजनमध्ये झटक्यात गोठवा आणि रात्रभर निर्वातात सुकवा. नळीच्या तळाशी पांढरी, भुसभुशीत वडी दिसली पाहिजे. ती चिकट किंवा काचेसारखी दिसली तर आत ग्लिसरॉल शिल्लक आहे किंवा सुकवताना ती वितळली आहे. ओलावा शोषणाऱ्या पुडीसोबत हवाबंद, अंधारात ठेवा. पाकीट उघडलं की नळ्या लगेच वापरा. दमट हवेत वडी काही मिनिटांत आकसते.

पाण्याचा नमुना

बाटली प्लास्टिकची हवी, १० टक्के नायट्रिक आम्लात रात्रभर भिजवून शुद्ध पाण्यानं धुतलेली. शिसं काचेला चिकटतं. नळाच्या जोडणीतलं शिसं शोधायचं असेल तर किमान सहा तास नळ बंद ठेवून पहिलाच लिटर घ्या, पाणी वाहू देऊन नंतरचा नको.

एकाच वेळी दोन बाटल्या भरा. एक तशीच, सेन्सरसाठी. दुसरीत नायट्रिक आम्ल घालून पीएच २ च्या खाली आणा. ती प्रयोगशाळेतल्या धातू मोजणाऱ्या आयसीपी-एमएस यंत्रावर पाठवायची. आम्ल घातलेलं पाणी सेन्सरमध्ये घातलं तर प्रतिक्रिया जागच्या जागी मरते.

विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यात लोह असेल तर हवा लागताच ते गंजासारखं खाली बसतं आणि आर्सेनिकला सोबत घेऊन जातं. वरचं नितळ पाणी तपासलं तर आकडा खोटा कमी येतो. शिवाय आर्स-आर आर्सेनिकचं आर्सेनाइट हे रूप ओळखतो. आर्सेनेट हे दुसरं रूप शुद्ध घटकांच्या जुळणीत त्याला जवळजवळ दिसतच नाही. म्हणून आर्सेनिकसाठी पाणी भरल्यावर लगेच, तिथल्या तिथे तपासा. गाळलेल्या पाण्यात फक्त विरघळलेला धातू मोजला जातो, कणांच्या रूपातलं शिसं गाळणीवर राहतं, हे अहवालात लिहा.

क्लोरिन मारण्यासाठी अनेक जण सोडियम थायोसल्फेट टाकतात. पाऱ्याच्या किंवा तांब्याच्या तपासणीत ते टाकू नका. थायोसल्फेट दोन्ही धातूंना धरून ठेवतं.

पाच नळ्या

प्रत्येक नमुन्यामागे मी पाच नळ्या लावते, आणि यातली एकही गाळून निकाल देत नाही.

पहिलीत शुद्ध पाणी. ती काळी किंवा जवळजवळ काळी राहायला हवी.

दुसरीत शुद्ध पाणी आणि मर्यादेइतका धातू. ती उजळायला हवी. धातूचं द्रावण १,००० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या आम्लयुक्त प्रमाणित बाटलीतून त्याच दिवशी पातळ करा. ते १० मायक्रोग्रॅमवर आणेपर्यंत एक लाख पट पातळ होतं, त्यामुळे आम्लाचा त्रास उरत नाही. पण पातळ द्रावण उद्यासाठी ठेवू नका, धातू प्लास्टिकला चिकटून आकडा घसरतो.

तिसरीत नमुना.

चौथीत नमुना आणि रिप्रेसर नसलेली, सतत चमकणारी जुळणी. पाण्यात प्रतिक्रिया जिवंत आहे का, हे ती सांगते. ती काळी पडली तर तिसरीचा अंधार काहीही सिद्ध करत नाही. त्या पाण्यात मीठ, क्लोरिन, आरएनएझ किंवा प्रचंड धातू, काहीही असू शकतं. सुरुवातीला सांगितलेल्या प्रयोगात ही नळी लावली असती तर पहिल्या दहा मिनिटांतच शंका आली असती.

पाचवीत नमुना आणि वरून मर्यादेइतका धातू. तिसरी काळी असताना पाचवीची चमक दुसरीच्या बरोबरीची हवी. पाचवी मंद आणि चौथी मात्र झगझगीत, असं दिसलं तर नमुन्यातलंच काहीतरी धातूला बांधून ठेवतंय, बहुधा सेंद्रिय गाळ किंवा फॉस्फेट. पाचवी दुसरीच्या ७० टक्क्यांच्या खाली गेली तर मी 'धातू नाही' असं लिहीत नाही.

नमुना संशयास्पद असेल, म्हणजे खाणीजवळचा, कारखान्याच्या सांडपाण्याचा किंवा चौथी नळी मेलेला, तर तो १० पट आणि १०० पट पातळ करून पुन्हा लावा. पातळ केल्यावर चमक वाढली, तर मूळ पाण्यात धातू फार जास्त आहे किंवा प्रतिक्रिया दाबणारं दुसरं काहीतरी आहे.

वाचन आणि अहवाल

नळ्या ३७ अंशांवर ठेवा. इन्क्युबेटर नसेल तर मुठीत किंवा काखेत धरल्या तरी चालतात, पण पाचही एकत्रच. दर १५ मिनिटांनी एकाच कोनातून, एकाच प्रकाशात फोटो घ्या आणि वाचनाची वेळ आधी ठरवून ठेवा, समजा ६० मिनिटं. तीन तास थांबलं तर गळती करणारी शुद्ध पाण्याची नळीही उजळू लागते.

शोधमर्यादा काढायला शुद्ध पाण्याच्या किमान आठ नळ्या लावा. समजा त्यांची सरासरी चमक १२० आली आणि प्रमाण विचलन ८, तर सरासरीत विचलनाची तिप्पट मिळवून १४४ ही रेषा येते. त्यावरच्या नळीला उजळलेली म्हणा. ही रेषा तुमच्या मर्यादेच्या निम्म्या धातूलाही ओलांडली जाते का, ते तपासा. जात नसेल तर डीटीटी आणि रिप्रेसरच्या पायऱ्यांकडे परत जा.

वापरलेल्या नळ्या आणि धातूची द्रावणं मोरीत ओतू नका. पाऱ्यासाठी वेगळी, बाकी धातूंसाठी वेगळी अशा झाकणबंद बाटल्या ठेवा आणि घातक कचऱ्याच्या व्यवस्थेकडे द्या.

ज्या घरचं पाणी तपासलं त्यांना देण्याच्या कागदावर पाचही नळ्यांचा फोटो, वाचनाची वेळ आणि कुठलं प्रथिन वापरलं ते लिहा. तिसरी उजळली असेल तर ते पाणी पिणं आणि स्वयंपाकाला वापरणं आजच थांबवायला सांगा, उकळून धातू जात नाही हेही तोंडी सांगा, आणि आम्ल घातलेली दुसरी बाटली त्याच दिवशी प्रयोगशाळेत पाठवा. चौथी किंवा पाचवी नापास असेल तर 'निकाल देता आला नाही' असं ठळक लिहा, आणि ती बाटली तेव्हाही पाठवाच.